घातांकांचा हिशेब आणि बैजिक अपूर्णांक

जैन आगमांपैकी अनुयोगद्वारसूत्र या प्राकृत ग्रंथात मनुष्यांच्या संख्येविषयी एक चमत्कारिक विधान आढळते. ही संख्या तेथे अंकांनी सांगितलेली नाही. दोनाचा वर्ग करावा, आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग करावा, आणि असे करीत गेल्यावर जो सहावा वर्ग मिळेल त्याला पाचव्या वर्गाने गुणावे, म्हणजे ती संख्या मिळेल, असे सूत्रकार म्हणतो; आणि त्याच संख्येची दुसरी ओळखही देतो, की ती दोनाने शहाण्णव वेळा भागता येते.

पहिला वर्ग ४, दुसरा १६, तिसरा २५६, चौथा ६५,५३६. पाचव्या वर्गात दहा अंक येतात, सहाव्यात वीस, आणि या दोहोंचा गुणाकार एकोणतीस अंकी होतो. हा गुणाकार पाटीवर करून मग त्याला दोनाने भागत बसण्याची सूत्रकाराला मुळीच गरज नव्हती. पाचवा वर्ग म्हणजे बत्तीस दोनांचा गुणाकार, सहावा म्हणजे चौसष्ट दोनांचा. तेव्हा दोहोंचा गुणाकार म्हणजे ६४ अधिक ३२, अर्थात ९६ दोनांचा गुणाकार. गुणाकाराच्या जागी बेरीज आली. नवव्या शतकाच्या आरंभी वीरसेनाचार्यांनी धवला या टीकेत ही कल्पना नियमाच्या रूपाने मांडली. एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते त्या वेळांना त्यांनी 'अर्धच्छेद' म्हटले. सोळाचे अर्धच्छेद चार, बत्तिसाचे पाच. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज. आणि भागाकाराचे अर्धच्छेद म्हणजे भाज्याच्या अर्धच्छेदांतून भाजकाचे वजा केलेले. बैजिक अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देण्याच्या विद्येचा बराच मोठा भाग या शेवटच्या वाक्यात सामावलेला आहे.

आजच्या भाषेत दोनाऐवजी कोणतीही राशी घेता येते. क्ष ही राशी पाच वेळा मांडून केलेला गुणाकार क्ष⁵ असा लिहितात. क्ष हा पाया आणि ५ हा घातांक. घातांक ही राशी नव्हे, मोजणी आहे. पाया किती वेळा आला एवढेच तो सांगतो. हे ध्यानात ठेवले की नियम पाठ करण्याचे फारसे कारण उरत नाही. क्ष⁵ / क्ष³ हा अपूर्णांक घ्यावा (छपाईच्या सोयीसाठी येथे अपूर्णांकाची आडवी रेघ तिरकी केली आहे). अंशात पाच क्ष आहेत, छेदात तीन:

क्ष × क्ष × क्ष × क्ष × क्ष / क्ष × क्ष × क्ष

अंशातील तीन क्ष वेगळे काढून छेदातील तीन क्षंवर ठेवले की त्या भागाची किंमत १ होते, आणि उरलेल्या क्ष² ला १ ने गुणल्याने काहीच बदलत नाही. म्हणून उत्तर क्ष², म्हणजे ५ वजा ३ इतक्या घातांकाचे. शाळेत या क्रियेला 'काटणे' किंवा 'छाटणे' म्हणतात. हा शब्द सोयीचा खरा, परंतु थोडा दिशाभूल करणाराही आहे. काटल्याने काही नाहीसे होत नाही. एक अवयव १ च्या रूपाने बाजूला होतो, इतकेच. १२/१८ चे २/३ करताना ६/६ हा अवयव असाच बाजूला होतो. काटाकाट केव्हा न्याय्य आणि केव्हा नाही, या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. जेथे १ ने गुणणे झाले असेल तेथेच ती न्याय्य.

पायांची संख्या वाढली तरी रीत बदलत नाही. प्रत्येक पायाचा हिशेब स्वतंत्र ठेवावयाचा, जसा दुकानदार गहू, ज्वारी आणि तेल यांची खाती स्वतंत्र ठेवतो.

३६अ⁵ब²क / २४अ²ब⁴क

यात ३६ व २४ यांचा साधारण अवयव १२ आहे, म्हणून सहगुणकांचे ३/२ झाले. अ च्या खात्यात अंशाकडे तीन शिल्लक. ब च्या खात्यात छेदाकडे दोन शिल्लक. क चे खाते दोन्हीकडून पुरे झाले. उत्तर ३अ³ / २ब². ताळा पाहावयाचा असेल तर अ = २, ब = ३, क = ५ असे मानावे. मूळ अपूर्णांकाचा अंश ५१,८४० आणि छेद ३८,८८० येतो. संक्षिप्त रूपाचा अंश २४ आणि छेद १८. दोन्हींची किंमत ४/३ आहे. अशा ताळ्याने उत्तर सिद्ध होत नाही, परंतु चुकीचे उत्तर बहुधा उघडे पडते, आणि त्यास अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

घातांक अंकाने लिहिण्याची ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. भारतीय बीजगणितात अव्यक्त राशीला यावत्तावत् म्हणत, एकाहून अधिक अव्यक्ते असली तर त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत, आणि 'या', 'का', 'नी' ही त्यांची आद्याक्षरे लिहीत. वर्गासाठी 'व' आणि घनासाठी 'घ' जोडीत. दोन आणि तीन घातांपुरते हे ठीक चालते. पुढे मात्र नावांचा घोळ सुरू होतो. 'वर्गघन' म्हणजे कितवा घात? भारतीय गणितज्ञांच्या लेखी वर्गाचा घन, म्हणजे सहावा. कारण त्यांनी २ आणि ३ यांचा गुणाकार केला. अलेक्झांड्रियाचा डायोफँटस हेच दोन शब्द ग्रीक भाषेत शेजारी ठेवी तेव्हा त्याला पाचवा घात अभिप्रेत असे, कारण तो वर्ग आणि घन यांचा गुणाकार करीत होता, आणि म्हणून घातांकांची बेरीज. भारतात पाचव्या घातासाठी 'वर्गघनघात' असा लांबलचक शब्द वापरावा लागे. त्यातील शेवटचा 'घात' हा शब्द येथे घातांकांची बेरीज करावयाची आहे हे सांगे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात याहून सुटसुटीत मार्ग दिसतो. तो पाचव्या घाताला 'पंचगत', सहाव्याला 'षड्गत' म्हणतो. नावाच्या जागी संख्या आली की हिशेब करता येतो. युरोपात देकार्तने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथात राशीच्या उजव्या खांद्यावर लहान अंक बसविला आणि ती पद्धत रूढ झाली. गंमत अशी, की वर्गासाठी तो स्वतः बहुधा 'अअ' असेच लिहीत राही.

डायोफँटस आणि भारतीय यांच्यातील हा नावांचा भेद आजच्या विद्यार्थ्याच्या वहीतही रोज भेटतो. क्ष² × क्ष³ हा क्ष⁵ होतो, आणि (क्ष²)³ हा क्ष⁶. पहिल्यात दोन गठ्ठे एकत्र केले आहेत, एकात दोन क्ष आणि दुसऱ्यात तीन. दुसऱ्यात दोन-दोनचे तीन गठ्ठे आहेत. कोठे बेरीज आणि कोठे गुणाकार, याविषयी शंका आली तर गठ्ठे मांडून पाहणे हा खात्रीचा उपाय आहे.

आता छेदातील घात अंशातील घाताइतका किंवा त्याहून मोठा असेल तर काय करावे, हा प्रश्न राहतो. क्ष³ / क्ष³ ची किंमत १ आहे हे उघड आहे. वजाबाकीच्या नियमाने ती क्ष⁰ आहे. शून्य वेळा मांडलेल्या क्षंचा गुणाकार म्हणजे काय, असे विचारल्यास मोजणीच्या अर्थाने त्याला उत्तर नाही. येथे गणितज्ञ एक निवड करतो. भागाकाराचा नियम अबाधित राहावा अशी इच्छा असेल तर क्ष⁰ चा अर्थ १ असाच घ्यावा लागतो. हा केवळ हट्ट नव्हे. ८, ४, २ अशी दोनाच्या घातांची पायरी उतरत गेले तर घातांक ३, २, १ असे एकेकाने कमी होतात आणि संख्या दर पायरीला निम्मी होते; पुढची पायरी १ ची, म्हणजे घातांक ०, आणि त्याखालची १/२ ची, म्हणजे घातांक उणे १. जिना तोच आहे, फक्त तळघरातही उतरतो. क्ष² / क्ष⁵ ची किंमत काटाकाटीने १/क्ष³ येते आणि नियमाने क्ष⁻³. म्हणून क्ष⁻³ याचा अर्थ १/क्ष³. घातांकाचे ऋण चिन्ह राशीला ऋण करीत नाही. २⁻³ म्हणजे उणे आठ नव्हे, एक अष्टमांश.

फ्रान्समधील निकोला श्युके याने १४८४ साली लिहिलेल्या हस्तलिखितात शून्य आणि ऋण घातांक दोन्ही वापरले होते, परंतु ते हस्तलिखित छापले गेले ते १८८० साली. जवळजवळ चारशे वर्षे त्याचा लाभ फारच थोड्यांना झाला. वॉलिसने १६५६ साली ऋण आणि अपूर्णांकी घातांकांचा विचार पुढे नेला, आणि न्यूटनने १६७६ साली लायब्नित्ससाठी ओल्डनबर्गकडे पाठविलेल्या पत्रात १/अ ऐवजी अ⁻¹ कसे लिहावे हे स्पष्ट करून सांगितले. त्यानंतर छेद हा वेगळा विषय राहिला नाही. छेदातील अवयव घातांकाचे चिन्ह बदलून अंशात आणता येतो आणि अंशातील छेदात नेता येतो. सगळा अपूर्णांक एका ओळीत मांडता येतो.

याचा उपयोग किती होतो, हे थोड्या गुंतागुंतीच्या उदाहरणात दिसेल:

(२क्ष²य⁻³)³ / (४क्ष⁻¹य)²

कंसावरील घातांक आतील प्रत्येक अवयवाला लागू होतो, सहगुणकालाही; नवशिका नेमका सहगुणकाला विसरतो. अंश ८क्ष⁶य⁻⁹ होतो आणि छेद १६क्ष⁻²य². क्ष च्या खात्यात ६ मधून उणे २ वजा करावयाचे आहेत. ऋण वजा करणे म्हणजे धन मिळविणे, हा ब्रह्मगुप्ताने सांगितलेला नियम येथे कामी येतो आणि घातांक ८ होतो. य च्या खात्यात उणे ९ मधून २ वजा, म्हणजे उणे ११. उत्तर क्ष⁸ / २य¹¹.

अवयवाला अंशातून छेदात नेता येते, पदाला नेता येत नाही. गुणाकाराने जोडलेले ते अवयव. बेरीज-वजाबाकीने जोडलेली ती पदे. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने बीजगणितात जितक्या चुका होतात तितक्या बहुधा दुसऱ्या कोणत्याही कारणाने होत नसतील. (क्ष + ६) / (क्ष + २) यातील क्ष काटून ६/२, म्हणजे ३, असे उत्तर लिहिलेले पुष्कळदा आढळते. क्ष = २ घेतल्यास अपूर्णांकाची किंमत ८/४, म्हणजे २ येते; क्ष = १० घेतल्यास १६/१२. तीन कोठेच नाही. अंशात क्ष हा अवयव नाही, म्हणून क्ष/क्ष च्या रूपाने १ बाजूला काढण्याची सोय नाही. या चुकीला खतपाणी घालणारे काही योगायोगही आहेत. १६/६४ यातील दोन्ही ६ खोडले तर १/४ उरतो, आणि ते उत्तर बरोबर आहे! १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ यांचेही तसेच. रीत खोटी, उत्तर खरे. गणिताच्या शिक्षकाला याहून अडचणीचा प्रसंग क्वचितच येत असेल.

ऋण घातांकाच्या बाबतीत ही चूक अधिक फसव्या रूपाने येते. (अ⁻¹ + ब⁻¹)⁻¹ हे पाहिल्याबरोबर बाहेरचा उणे एक आत नेऊन अ + ब असे लिहिण्याचा मोह होतो. यात काय बिघडते ते हौद आणि नळ यांच्या जुन्या गणितातून उत्तम समजते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत चार झरे एक कुंड अनुक्रमे एक दिवस, अर्धा दिवस, तृतीयांश दिवस आणि षष्ठांश दिवस इतक्या वेळात भरतात; चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल, असा प्रश्न आहे. एका दिवसात ते १ + २ + ३ + ६, म्हणजे बारा कुंडे भरतील, म्हणून एका कुंडाला दिवसाचा बारावा भाग पुरेल. वेळांचे व्यस्त घ्यावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि तिचा पुन्हा व्यस्त घ्यावयाचा, ही रीत म्हणजेच वरील पदावली होय. एक नळ हौद ३ तासांत भरीत असेल आणि दुसरा ६ तासांत, तर दोन्ही मिळून लागणारा वेळ:

(३⁻¹ + ६⁻¹)⁻¹ = (१/३ + १/६)⁻¹ = (१/२)⁻¹ = २ तास.

मोहाला बळी पडल्यास उत्तर ९ तास येते. दोन नळ मिळून एकट्या नळापेक्षा तिप्पट वेळ घेतात, असा त्याचा अर्थ! सामान्य रूपात ही पदावली अब / (अ + ब) अशी होते, आणि विजेच्या मंडलात समांतर जोडलेल्या दोन रोधांचा परिणामी रोध काढतानाही तीच उपयोगी पडते.

पदे काटता येत नाहीत याचा अर्थ बहुपदी असलेल्या अपूर्णांकांना संक्षिप्त रूप नसते असा नव्हे. पदांचे अवयव पाडावे लागतात, इतकेच.

(क्ष² − ९) / (क्ष² − ५क्ष + ६) = (क्ष − ३)(क्ष + ३) / (क्ष − ३)(क्ष − २) = (क्ष + ३) / (क्ष − २)

येथे (क्ष − ३) हा संपूर्ण कंस एक अवयव आहे, म्हणून तो काटता आला. परंतु एक अट न बोलता स्वीकारली गेली. क्ष = ३ असेल तर (क्ष − ३) / (क्ष − ३) हा अपूर्णांक १ नसून ०/० आहे. संक्षिप्त रूप क्ष = ३ साठी ६ ही किंमत देते, मूळ अपूर्णांक कोणतीच किंमत देत नाही. दोन्ही पदावली इतर सर्व ठिकाणी समान आहेत, या एका ठिकाणी नाहीत. घातांकांच्या नियमांमागेही हीच अट आहे; क्ष⁰ = १ हे विधान क्ष शून्य नसेल तेव्हाच भागाकारातून निघते.

शून्याने भागण्याचा प्रश्न भारतीय गणितज्ञांनी टाळला नाही, हे त्यांच्या बाबतीत आवर्जून सांगितले पाहिजे. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे म्हटले. ते आज मान्य होणार नाही. भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' हे नाव दिले आणि तिच्यात काहीही मिळविले किंवा तिच्यातून काहीही काढले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. शून्याने गुणलेल्या राशीविषयी त्यांची सूचना अधिक लक्षणीय आहे. पुढे आणखी क्रिया करावयाच्या असतील तर गुणाकार शून्य झाला असे मानून टाकू नये. शून्य हा गुणक तसाच ठेवावा, आणि पुढे शून्याने भागण्याची वेळ आली तर राशी जशीच्या तशी राहिली असे समजावे. लीलावतीतील प्रश्न असा आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्ध मिळविले, तिनाने गुणले आणि शून्याने भागले तेव्हा ६३ आले, ती संख्या कोणती? शून्य हे गुणक व भाजक दोहोंत ठेवून काटले तर संख्येची साडेचार पट ६३ होते आणि उत्तर १४ येते.

आजच्या परीक्षेत हे उत्तर बाद होईल. तरीही शून्याच्या जागी कितीही लहान, पण शून्य नसलेली राशी घेतली तर भास्कराचार्यांच्या गणितातील प्रत्येक पायरी निर्दोष आहे आणि उत्तर १४ हेच येते. (क्ष − ३) काटताना जे घडते तेच येथे घडले आहे. क्ष ला ३ च्या कितीही जवळ नेता येते, तेवढ्या जवळ मूळ अपूर्णांकाची किंमत ६ च्या जवळ जाते. फक्त ३ वर पाय ठेवता येत नाही. सतराव्या शतकात चलनकलन उदयास आले ते अशाच अपूर्णांकांच्या वाटेने.

बैजिक अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणे म्हणजे केवळ नीटनेटकेपणा, अशी समजूत होण्याचा संभव आहे. परंतु कित्येकदा मूळ रूपात जे दिसत नाही ते संक्षिप्त रूपात दिसू लागते. समुद्राच्या भरतीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सूर्य पृथ्वीला ज्या बलाने ओढतो ते चंद्राच्या ओढीपेक्षा कितीतरी मोठे आहे. असे असता भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या मागे का चालते?

प्रथम सूर्याची ओढ किती मोठी आहे ते पाहावे. गुरुत्वाकर्षण वस्तुमानाच्या प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे म / क². सूर्याचे वस्तुमान १.९९ × १०³⁰ किलोग्रॅम, चंद्राचे ७.३५ × १०²². पहिल्याला दुसऱ्याने भागताना दहाच्या घातांकांची वजाबाकी होते आणि गुणोत्तर सुमारे २.७१ × १०⁷ येते. सूर्याचे सरासरी अंतर १.४९६ × १०⁸ किलोमीटर, चंद्राचे ३.८४ × १०⁵. गुणोत्तर सुमारे ३९०. त्याचा वर्ग १.५२ × १०⁵ आहे. २.७१ × १०⁷ ला त्याने भागले की १७८ येतात. सूर्याची ओढ चंद्राच्या १७८ पट आहे.

परंतु भरती ओढीने येत नाही. ओढीतील फरकाने येते. पृथ्वीच्या केंद्राला आणि चंद्राकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावरील पाण्याला चंद्र सारख्याच बलाने ओढीत असता, तर पाणी आणि पृथ्वी बरोबरच ओढली गेली असती आणि पाणी उंचावले नसते. पाणी केंद्रापेक्षा पृथ्वीच्या त्रिज्येइतके चंद्राला जवळ आहे. चंद्राचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर क आणि पृथ्वीची त्रिज्या त मानल्यास एकक वस्तुमानावरील ओढींतील फरक असा होतो:

म / (क − त)² − म / क²

या रूपात पाहणाऱ्याला काहीच बोध होत नाही. दोन्ही अपूर्णांकांना समान छेद दिला तर अंशात म[क² − (क − त)²] येते, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडले की फरकाचे रूप असे होते:

मत(२क − त) / क²(क − त)²

चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट आहे. तेव्हा २क आणि क यांच्यापुढे त उपेक्षणीय मानता येईल; त्यामुळे उत्तरात शेकडा दोन-तीन इतकाच फेर पडतो. सूर्याच्या बाबतीत तर तोही पडत नाही. उरते ते २मतक / क⁴. आता क च्या खात्यात १ मधून ४ वजा केले की

२मतक⁻³

हे रूप मिळते. भरतीला कारण होणारे बल अंतराच्या वर्गाच्या नव्हे, घनाच्या व्यस्त प्रमाणात आहे. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस (क − त) च्या जागी (क + त) येतो. तोच हिशेब केल्यास उत्तर जवळजवळ तेवढेच, परंतु ऋण येते. म्हणजे तेथे केंद्र पाण्यापेक्षा अधिक ओढले जाते आणि पाणी मागे राहून फुगते. चंद्र एक असून बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला भरती दोनदा का येते, हे या ऋण चिन्हात सांगितलेले आहे.

सूर्य आणि चंद्र यांची तुलना आता पुन्हा करावी. ३९० चा घन ५.९३ × १०⁷ आहे. २.७१ × १०⁷ ला त्याने भागताना दहाचे घात पूर्णपणे निघून जातात आणि २.७१ / ५.९३, म्हणजे सुमारे ०.४६ उरतात. एका घातांकाच्या फरकाने १७८ चे ०.४६ झाले. भरतीच्या बाबतीत सूर्य चंद्राच्या निम्म्याहूनही कमी ठरतो. अमावास्येस आणि पौर्णिमेस दोघांची बले एका रेषेत येऊन १ + ०.४६ होतात, तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असतात, परिणाम १ − ०.४६ इतकाच राहतो, आणि ती भांगाची भरती. खंभातच्या आखातासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या जलभागात किनाऱ्याचा आकार पाण्याला आणखी उंच चढवतो आणि भावनगरजवळ भरती-ओहोटीतील अंतर १० मीटरच्या आसपास जाते. तेथील उंची केवळ या सूत्रातून निघत नाही, परंतु पंधरवड्याची लय याच सूत्रातून निघते.

न्यूटनने १६८७ साली प्रिन्सिपियामध्ये भरतीचा हा उलगडा केला तेव्हा घातांकाविषयी त्याच्या मनात संदेह नव्हता. चंद्राचे वस्तुमान मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्याने हाच अपूर्णांक उलट बाजूने वापरला: ब्रिस्टलजवळच्या उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीच्या उंचीवरून चंद्र व सूर्य यांच्या बलांचे गुणोत्तर ठरविले आणि त्यावरून चंद्राचे वस्तुमान काढले. गुणोत्तर त्याला सुमारे साडेचार आले, आणि चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या जवळजवळ चाळिसाव्या भागाइतके. खरे गुणोत्तर सव्वादोनाहून किंचित कमी आहे आणि चंद्र पृथ्वीच्या एक्याऐंशीव्या भागाइतका आहे. अपूर्णांकाचे संक्षिप्त रूप बिनचूक होते. नदीमुखातील भरतीची उंची किनाऱ्याच्या घडणीवरही अवलंबून असते आणि तो भाग त्या हिशेबात पुरता धरता आलेला नव्हता.